कागदावर अंगठा देण्याआधी

(लासूर स्टेशन येथे झालेल्या हितचिंतकांच्या सभेत एका वकील भगिनीने केलेले भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक)



पत्रात मला विषय कळवला होता ‘आदिवासी आणि कायदा’. विषय मोठा आणि वेळ अर्धा तास. तेव्हा कायदा बाजूला ठेवून मी आधी प्रश्नच सांगते. बाजाराच्या दिवशी मी इथल्या मागच्या खोलीत दोन तास बसते हे आपणास ठाऊक आहे. गंगापूर, वैजापूर, कन्नडकडच्या वस्त्यांवरून माणसे येतात. बहुतेक भिल्ल कुटुंबे. मीठमिरची घेऊन झाली की दारात उभी राहतात. त्यांच्या प्रश्नात ‘कलम’ हा शब्द कधी नसतो. “ताई, ह्या कागदावर अंगठा देऊ का?” “साहेब उद्या या म्हणले, हे तिसऱ्यांदा. जाऊ का?” “पोराला ठाण्यात नेलंय. भाकर द्यायला गेले तर मलाबी बसवून घेतील का?”

बघा, यात न्यायालयात जाण्याची भाषा कोणीच करत नाही. वकील म्हणजे फी आणि कोर्ट म्हणजे बुडालेली मजुरी, एवढे त्यांना पक्के माहीत आहे. माहीत नसते ते दुसरेच. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या प्रत्येक माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्याचे उत्पन्न किती, हे विचारायचे नाही. अनुसूचित जातीच्या माणसाला, कोणत्याही जातीधर्माच्या स्त्रीला, मुलाला आणि कोठडीत असलेल्या माणसालाही तो मिळतो. अर्ज साध्या कागदावर, तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे द्यायचा. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. मी वकील आहे, फी घेऊन पोट भरते, तरी हे सांगते.

अरुणाचल प्रदेशातल्या सुक दास नावाच्या माणसाचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९८६ साली निकाली निघाला. त्याला वकिलाशिवाय शिक्षा झाली होती. सरकारचे म्हणणे असे, की त्याने वकील मागितलाच नाही. न्यायालयाने विचारले, हक्क आहे हेच ज्याला माहीत नाही तो मागणार कसा? शिक्षा रद्द झाली. आरोपीला हा हक्क सांगणे हे न्यायाधीशाचे काम ठरले. त्या निकालाला आता चाळीस वर्षे होत आली, पण वस्तीवर तो अजून पोचायचा आहे. वस्तीवर तर आपणच जातो.

आता उचलीचा प्रश्न. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात, काही वीटभट्टीवर जातात. मुकादमाकडून नवराबायकोची मिळून उचल घेतलेली असते. लग्नात, दवाखान्यात, आधीच्या वर्षीच्या फेडीत ती संपलेली असते. हंगाम संपतो, हिशेब होतो, आणि हिशेबात उचल वाढलेलीच निघते. मग विचारतात, “फिटली नाही तर पोलीस धरतील का? पोरीला तिथं कामाला ठेवून घेतलंय, ते बरोबर हाय का?”

उसने घेतलेले पैसे परत न देता येणे हा एवढ्यावरून गुन्हा होत नाही. ते दिवाणी देणे आहे. त्यासाठी माणूस अडकवून ठेवणे हा मात्र गुन्हा आहे, आणि त्याला १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आहे. उचलीपोटी माणसाला दुसरीकडे कामाला जाऊ दिले नाही, तर तो वेठबिगार. आणि तो वेठबिगार ठरला की त्याचे ते कर्जच कायद्याने संपते. हे दुसरे वाक्य ऐकून लोक माझ्याकडे अविश्वासाने बघतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली असेही म्हटले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणे म्हणजेच राज्यघटनेच्या कलम २३ मधली वेठ. साखळदंड असलाच पाहिजे असे नाही.

अशी तक्रार पोलीस ठाण्याइतकीच तहसीलदार, उपविभागीय अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे करायची असते. ती लेखी हवी. तीत माणसांची नावे, जागा, तारीख, उचलीचा आकडा आणि किती दिवस काम केले हे हवे. इथे आमची गाडी अडते, कारण हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. म्हणून या वर्षी टोळ्या निघण्याआधी आपण प्रत्येक जोडीला दोन रुपयांची एक वही दिली. शाळेत जाणारे पोर असेल तर ते लिहील, नसेल तर रोज एक रेघ मारायची. रेघांच्या वहीला पुरावा मानतील का, असे एकाने विचारले. एकट्या वहीवर सगळे ठरत नाही, पण मुकादमाच्या वहीसमोर ठेवायला दुसरी वही असणे ही मोठी गोष्ट आहे.

आता ज्या प्रश्नासाठी आपल्यापैकी अनेकांनी मला घरी बोलावून विचारले, त्याकडे येते. “चर्चला येणाऱ्या भिल्ल कुटुंबाचा दाखला जातो का?”

सरळ उत्तर: केवळ ख्रिस्ती झाल्याने जात नाही. यातला फरक नीट समजून घ्या, कारण आपल्या मंडळीतल्या कित्येक घरांनी तो सोसलेला आहे. १९५० साली दोन वेगळे आदेश निघाले. अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे. आधी फक्त हिंदू, मग १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. आपल्या आजोबांचा महार किंवा मांग असल्याचा दाखला त्यामुळे संपला. अनुसूचित जमातींच्या आदेशात, ६ सप्टेंबर १९५० च्या, अशी अट घातलेली नाही. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि त्या राज्याच्या यादीत भिल्ल होते.

पण उत्तर इथेच संपत नाही. केरळच्या एका खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की धर्म बदलला म्हणून जमात सुटत नाही. मात्र ते कुटुंब जमातीच्या रूढी पाळते का, समाज त्याला आपला मानतो का, हे पाहावे लागेल. याचा अर्थ आपल्यासाठी फार व्यावहारिक आहे. एखाद्या कुटुंबाला आपल्यातले कोणी सांगत असेल, की आता भावकीच्या लग्नाला जाऊ नका, जमातीच्या पंचायतीत बसू नका, तर तो त्या घरातल्या पोरांचा दाखला धोक्यात घालतो आहे. विश्वासाचा प्रश्न पाळकसाहेब सांगतील; मी फक्त त्याची किंमत सांगते.

आणि शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात धर्म खोटा लिहू नका. धर्म ख्रिस्ती असेल तर ख्रिस्ती लिहा, पण जमातीचा रकाना कोरा सोडू नका. तिथे ‘भिल्ल’ लिहिलेच पाहिजे. खोटा दाखला घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यात तुरुंगवास आहे. खऱ्या माणसाने खोटे लिहून फसू नये.

उपविभागीय अधिकाऱ्याचा दाखला मिळाला की लोकांना वाटते काम झाले. पुढे पडताळणी असते. वैद्यकीय, अभियांत्रिकी, नोकरी, निवडणूक, सगळीकडे ती मागतात. समिती छत्रपती संभाजीनगरला बसते. समितीसमोर सर्वांत वजन जुन्या कागदाला, त्यातही १९५० पूर्वीच्या. ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये हे पुन्हा सांगितले. तुमचे देव कोणते, लग्नात काय करता, यावरून घेतलेली आप्तभावाची परीक्षा हीच शेवटची कसोटी नाही, असेही म्हटले. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता आधी झालेली असेल तर वाट पुष्कळ सोपी होते. म्हणून माझ्याकडे कोणी आले की मी पहिल्यांदा विचारते, “चुलते कुठे असतात?”

सध्या आपल्याकडे एक मुलगी आहे, बारावी झालेली. तिच्या पणजोबांचे नाव निजामाच्या काळातल्या एका नोंदीत आहे, आणि ती नोंद उर्दूत आहे. प्रवेशाची मुदत थांबणार नाही. याबद्दल शेवटी मला आपल्याकडे काही मागायचे आहे.

जमिनीचे थोडक्यात. मोबाईलवर फिरणारे निरोप वाचून तरुण मुले विचारतात, “आपल्या गावाला पेसा लागू करा ना.” पेसा अनुसूचित क्षेत्राला लागू होतो आणि आपला जिल्हा त्यात नाही. त्यांना हे स्पष्ट सांगावे लागते; खोटी आशा लावून मोर्चाला नेणारे दुसरे पुष्कळ आहेत. पण वनहक्क कायदा आपल्याकडे आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कुटुंब वनजमीन कसत असेल तर ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे दावा करता येतो. सातबाऱ्यावर आदिवासीचे नाव असलेली जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून घेता येत नाही, जमीन महसूल संहितेचे कलम ३६ अ. नोटरीसमोर केलेली इसारपावती, नव्व्याण्णव वर्षांचा करार, मुखत्यारपत्र, या सगळ्या त्या कलमाला वळसा घालायच्या वाटा आहेत. अंगठा मागतात तो बहुधा अशाच कागदावर.

गायरानाचा प्रश्न मराठवाड्यात जुना आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने मागासवर्गीय भूमिहीनांची १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. मग पुरावा काय? तलाठ्याने त्या वर्षी केलेल्या दंडाची पावती. माणसाला वाटते ही आपल्या अपराधाची खूण, म्हणून तो ती फाडून टाकतो. प्रत्यक्षात तो त्या जमिनीवर त्या साली होता, याचा सरकारने स्वतः दिलेला तो दाखला आहे. एका आजीने अशी पावती पेटीच्या तळाशी, कुंकवाच्या डबीखाली जपली होती. लाजेने कोणाला दाखवत नव्हती. वस्तीवर गेलात तर पेट्या उघडायला सांगा.

नवऱ्याने टाकलेल्या बाया विचारतात, “लग्नाचा कागद नाही, मग पोटगी कशी?” कागद नसला तरी अर्ज करता येतो; लग्न झाल्याचे साक्षीदार, एकत्र राहिल्याचे पुरावे, मुलांचे दाखले चालतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, पूर्वीचे १२५, कोणत्याही धर्माच्या बाईला आहे.

आता जरा कडू बोलते. मंडळीत, पंचांत, घरात बसून मिटवण्याची आपल्याला सवय आहे. बांधाचे, उसनवारीचे, भावाभावांचे भांडण मिटले तर मला आनंदच आहे; लोक न्यायालयातही ते मिटते. पण अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर ते मिटवण्याचा अधिकार पंचांना नाही, पाळकांना नाही आणि आईबापांनाही नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणे हा गुन्हा आहे. माणूस आपल्या संस्थेतला असला तरी, किंबहुना तेव्हा आधी. बालविवाहाचेही तसेच, ग्रामसेवकाला किंवा १०९८ ला कळवा, आणि आशीर्वाद द्यायला उभे राहू नका. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर ती लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. हद्द आमची नाही, हे कारण १ जुलै २०२४ पासून लेखी कायद्यानेच बंद झाले आहे. कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, आणि प्रत फुकट मिळते.

आपण देणगी देता, त्यातून झेरॉक्स आणि एसटीचा खर्च भागतो. त्याहून अडते ते माणसांवाचून. अर्ज दोन प्रतींत लिहायचा, कार्यालयात एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का-तारखेसह पोच घ्यायची, एवढ्या कामाला वकील लागत नाही. निवृत्त शिक्षक, तलाठी, पोस्टमन चालतील. पोच मागितली की समोरचा साहेब त्रासतो, पण सोबत चष्मा लावलेले कोणी उभे असेल तर ती मिळते. हा अनुभव आहे, कायदा नव्हे. जे माहीत नाही ते मात्र अंदाजाने सांगू नका. “विचारून पुढच्या बाजाराला सांगतो,” असे म्हणा आणि पुढच्या बाजाराला खरोखर या.

आणि ते मागणे. आपल्यापैकी कोणाला जुनी, हातची उर्दू वाचता येत असेल, किंवा घरात-शेजारी असे कोणी वडीलधारे असेल, तर सभा झाल्यावर थांबा. त्या मुलीची नोंद माझ्या पिशवीत आहे. चार ओळी आहेत, आणि तिसऱ्या ओळीतला एक शब्द लागत नाही.