एक अर्ज, अनेक देश

व्यापारचिन्हाचा हक्क मुळात त्या त्या देशाच्या सीमेपुरता असतो. भारतात नोंदलेल्या चिन्हाला केवळ त्या नोंदणीच्या बळावर फ्रान्समध्ये संरक्षण लाभत नाही. मग अनेक देश मिळून एकच बाजारपेठ उभारतात, तेव्हा काय करावयाचे? युरोपीय समुदायाने १९९३ साली नियम संमत करून याचे उत्तर दिले. स्पेनमधील आलिकांते येथील कार्यालय १९९६ पासून असे अर्ज स्वीकारू लागले. अर्ज एकच, नोंदणी एकच. तिचा अंमल मात्र संघाच्या सर्व सदस्य-देशांत, दहा वर्षांपर्यंत. पुढे तिचे नूतनीकरण करता येते.

चिन्ह मालाचे केवळ वर्णन करणारे तर नाही ना, हे कार्यालय स्वतः तपासते. संघाच्या एखाद्या भागात, एखाद्याच भाषेत ते तसे ठरले, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. जुन्या चिन्हाशी साम्य आहे एवढ्यावरून मात्र कार्यालय आपण होऊन नकार देत नाही. जुन्या चिन्हाच्या मालकाने अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून तीन महिन्यांत हरकत घ्यावयाची असते.

या एकत्वाची किंमत एका खटल्यात स्पष्ट झाली. जर्मन भाषेत ‘मात्रात्सेन’ म्हणजे गाद्या. स्पेनमध्ये हाच शब्द सामान्य ग्राहकाला अर्थहीन; तेथे तो गाद्यांचे चिन्ह म्हणून नोंदलेला होता. हा शब्द अंतर्भूत असलेल्या चिन्हासाठी १९९६ मध्ये एका जर्मन व्यापारी संस्थेने संघव्यापी अर्ज केला. स्पॅनिश नोंदणीच्या आधारे त्याला हरकत आली आणि गाद्यांसाठी अर्ज नाकारला गेला. लक्झेंबर्ग येथील न्यायालयाने २००४ साली तो नकार कायम केला. एका देशातील अडसराने साऱ्या संघाचे दार बंद झाले.

अशा वेळी अर्जदाराला अडसर नसलेल्या देशांपुरते राष्ट्रीय अर्जांत रूपांतर मागता येते. मूळ अर्जाची तारीख टिकते. शुल्क मात्र देशागणिक भरावे लागते.

भारत २०१३ पासून माद्रिद व्यवस्थेचा सदस्य आहे. तिच्याद्वारे भारतीय व्यापारी संपूर्ण युरोपीय संघ निवडू शकतो किंवा त्यातील एकेक देश. देश वेगवेगळे निवडल्यास एकाचा नकार दुसऱ्याला बाधत नाही. परंतु पहिल्या पाच वर्षांत मायदेशातील मूळ चिन्हच रद्द झाले, तर सारी आंतरराष्ट्रीय नोंदणी त्याबरोबर कोसळते. तेव्हा नाव ठरविण्यापूर्वीच त्याचा परक्या भाषांतील अर्थ आणि तेथील जुन्या नोंदी पाहून घेणे, हेच शहाणपणाचे.