अनपेक्ष आणि दक्ष

(ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजच्या विषयाचा आरंभ मी एका संस्कृत धातूपासून करणार आहे. व्याकरणाचा तास घेण्याचा हेतू नाही. परंतु आपल्या भाषेने जीवनातील काही सत्ये शब्दांतच जपून ठेवली आहेत, ती पाहिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. या एकाच धातूपासून अपेक्षा, प्रतीक्षा, परीक्षा आणि उपेक्षा हे चार शब्द झाले आहेत. आपल्या घरांतही ते बहुधा याच क्रमाने येतात.

परदेशी असलेला मुलगा दर रविवारी फोन करील, ही अपेक्षा. रविवारी सकाळी दहा वाजल्यापासून फोनशेजारी बसून राहणे, ही प्रतीक्षा. कॅलिफोर्नियात तेव्हा शनिवारची रात्र असते, हे आपल्याला ठाऊक असूनही आठवत नाही. दुपारपर्यंत फोन आला नाही, की आपण ठरवतो, 'या वेळी आपणहून करायचाच नाही. पाहू त्याला केव्हा आठवण होते ते.' ही परीक्षा. आणि बुधवार उजाडला, की मनाने निकाल लावलेला असतो, 'आता आपली कोणालाही गरज उरलेली नाही.' ही उपेक्षा. आपण परीक्षेला बसलो होतो आणि नापास झालो, याचा त्या मुलाला पत्ताही नसतो.

यावर सर्रास दिला जाणारा उपदेश म्हणजे, 'अपेक्षाच ठेवू नका.' हा उपदेश मला मान्य नाही. काही अपेक्षा न्याय्य असतात. एखाद्या मातेने राहते घर मुलाच्या नावे करून दिले आणि आता औषधाच्या प्रत्येक गोळीसाठी तिला हात पसरावा लागत असेल, तर तिला निरपेक्षतेचे धडे देणे हे अध्यात्म नव्हे, ते क्रौर्य आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी 2007 साली आपल्या संसदेने कायदा केला. त्यानुसार न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो. मूळ कायद्यात त्याची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये होती. देखभालीच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिले आणि पुढे देखभाल नाकारली गेली, तर ते हस्तांतरण रद्दही करून घेता येते. ज्यांना याची आवश्यकता असेल त्यांनी संकोच न करता हा मार्ग धरावा. अन्यायावर अध्यात्माचे पांघरूण घालू नये.

मात्र न्यायाधिकरण चरितार्थ देऊ शकते. फोनवरील आवाजातील ओलावा देण्याचा आदेश कोणीही काढू शकत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे दुःख या दुसऱ्या प्रकारचे आहे. घर आहे, निवृत्तिवेतन आहे, आणि तरी मन भरलेले नाही. अध्यात्माचा प्रांत येथून सुरू होतो.

भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगितली आहेत. त्यांतील सोळाव्या श्लोकात 'अनपेक्ष' हा शब्द येतो, आणि त्याच श्लोकात 'दक्ष' हाही शब्द येतो. दक्ष म्हटले की आपल्याला मैदानावरची आज्ञा आठवते. येथे त्याचा अर्थ कुशल, तत्पर, कामात न चुकणारा असा आहे. ज्याला कोणाकडून काही नको, तो सुस्त, कोपऱ्यात बसून जपमाळ ओढणारा असेल, अशी आपली समजूत असते. गीतेला अभिप्रेत असलेला अनपेक्ष पुरुष तत्पर आहे. त्याच श्लोकात 'उदासीन' असेही एक विशेषण आहे. मराठीत या शब्दाची फार दुर्दशा झाली. आपण तो खिन्न या अर्थी वापरतो. मूळ अर्थ 'उत् + आसीन', म्हणजे वर बसलेला. उंचावर बसलेल्या माणसाला वाटेची वळणे दिसतात. आपल्या नातवाची परीक्षा, सुनेची नोकरी, मुलाचे कर्ज हे सारे त्याला दिसते, आणि म्हणून न आलेल्या फोनचा अर्थही तो निराळा लावतो.

आता थोडे कटू बोलतो. 'आम्ही तुमच्यासाठी काय काय केले' हे वाक्य आपल्या घरांत किती वेळा उच्चारले जाते? गीतेने सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार केले आहेत. परतफेडीच्या आशेने दिलेले दान तेथे राजस ठरते. मुलांचे संगोपन हे दान की कर्तव्य, यावर शास्त्रार्थ करता येईल. पण ज्या दिवशी आपण वात्सल्याची खतावणी उघडतो, त्या दिवशी आपण दाते राहत नाही, सावकार होतो. आणि सावकाराच्या घरी ऋणको आनंदाने येत नसतो. तो टाळतो. मग अपेक्षा वाढते, तो आणखी टाळतो. मुले कृतघ्न झाली असे म्हणण्यापूर्वी हे चक्र कोठून फिरू लागले, हे पाहिले पाहिजे. सर्वच मुले निर्दोष असतात, असे मी म्हणत नाही; परंतु आज या सभागृहात ती बसलेली नाहीत, आपण बसलो आहोत.

फळाची आशा सोडली तर काम नीट होईल काय, ही शंका जुनीच आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या कारागृहात 1910-11 च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिताना तिचा सविस्तर परामर्श घेतला. फलाशा सोडणे म्हणजे हेतू किंवा योजना सोडणे नव्हे, ही त्यांची मांडणी. ती केवळ ग्रंथातली नव्हती. त्याच कारावासात असताना, 1912 साली, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या. अंत्यदर्शनही झाले नाही. 1914 मध्ये सुटका झाली आणि पुढच्याच वर्षी ग्रंथ प्रसिद्ध झाला. हस्तलिखित तुरुंगाबाहेर येईल, याचीसुद्धा लिहिताना शाश्वती नव्हती. तरी लेखणी थांबली नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. पाचांत कर्ता एकच. आपण मात्र धरून चालतो, की मी चांगले संस्कार केले म्हणजे फळ माझ्या मनासारखे यायलाच हवे. उरलेल्या चार कारणांना आपण जागाच ठेवत नाही.

थोड्या वेळाने, प्रथेप्रमाणे, आपण सारे पसायदान म्हणणार आहोत. ज्ञानेश्वरी पूर्ण झाल्यावर, शके 1212 म्हणजे इ. स. 1290 मध्ये, माउलींनी हे मागणे मागितले. मागणे आहे, म्हणजे अपेक्षा आहेच. म्हणताना या वेळी एवढेच पाहा, की दुर्जनांच्या मनातील वाकडेपणा जावा येथपासून प्राणिमात्रांच्या मैत्रीपर्यंत जे जे मागितले आहे, त्यात स्वतःसाठी किती आहे. आणि वर मिळाल्यावर अखेरीस सुखी कोण झाला, असे सांगितले आहे, तेही पाहा.

तत्पूर्वी पंधरा-वीस मिनिटे आपल्या हाताशी आहेत. कोणाला काही विचारायचे असल्यास जरूर विचारावे.