जड मूलद्रव्यांचें जन्मस्थान

आपल्या स्वयंपाकघरांतील मिठांत आयोडिन नांवाचें मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणांत मिसळलेलें असतें. तें शरीरास न मिळाल्यास गलगंड होतो, हें आपणांस ठाऊकच आहे. परंतु तें मुळांत घडलें कोठें, असा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. आयोडिन, सोनें, प्लॅटिनम, युरेनियम हीं सारीं लोखंडाहून जड मूलद्रव्यें होत. त्यांच्या उत्पत्तीचा शोध कसा लागत गेला, तें आज मला थोडक्यांत सांगावयाचें आहे.

ताऱ्याच्या पोटांत हायड्रोजनपासून हेलियम, हेलियमपासून कार्बन, अशीं एकापासून एक मूलद्रव्यें सिद्ध होत जातात. या क्रियांत जी ऊर्जा बाहेर पडते, तीच ताऱ्याचा प्रकाश होय. मोठ्या ताऱ्यांत हा क्रम लोखंडापर्यंत पोंचतो आणि तेथें थांबतो. कारण त्यापुढें जोडणी करावयाची तर ऊर्जा मिळत नाहीं, उलट पदरची खर्चावी लागते. मग पुढचीं मूलद्रव्यें घडतात तरी कशीं? याचें उत्तर न्यूट्रॉन या कणांत आहे. त्यावर विद्युद्भार नसल्यामुळें तो अणुगर्भांत सहज शिरतो. आंत गेल्यावर एखाद्या न्यूट्रॉनाचा प्रोटॉन झाला, कीं मूलद्रव्य एक पायरी वर चढतें.

हें काम दोन रीतींनीं चालतें. वृद्ध, फुगलेल्या तांबड्या ताऱ्यांत न्यूट्रॉन फार सावकाश मिळतात. १९५२ मध्यें पॉल मेरिल या अमेरिकन ज्योतिर्विदाला अशा कांहीं ताऱ्यांच्या प्रकाशांत टेक्नेशियमची खूण आढळली. या मूलद्रव्याचा अत्यंत दीर्घायु प्रकारहि सुमारें चाळीस लक्ष वर्षांत निम्मा उरतो. तारे तर त्याहून कितीतरी जुने. अर्थात् तें त्या ताऱ्यांतच घडलेलें असलें पाहिजे.

परंतु ही सावकाश रीत बिस्मथपाशीं संपते. त्यापुढील अणुगर्भ इतके अल्पायुषी, कीं पुढचा न्यूट्रॉन येण्यापूर्वींच ते मोडतात. कुजक्या फळ्यांच्या साकवावरून हळू चालणारा खालीं पडावा आणि धांवत सुटलेला पार व्हावा, तसा हा प्रकार आहे. युरेनियम गांठावयाचें तर न्यूट्रॉनांचा वर्षाव अत्यंत वेगानें व्हावा लागतो. असा वर्षाव काय करूं शकतो, हें मनुष्यानें आपल्याच संहारक कृत्यांत पाहिलें. १ नोव्हेंबर १९५२ रोजीं पॅसिफिक महासागरांतील एनेवेटक येथें अमेरिकेनें हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. त्याच्या धुळींत ९९ व १०० या क्रमांकांचीं, तोंवर अज्ञात असलेलीं मूलद्रव्यें सांपडलीं. युरेनियमच्या कांहीं अणुगर्भांनीं निमिषार्धांत पंधरा-सतरा न्यूट्रॉन गिळले होते.

निसर्गांत असा स्फोट कोठें होतो? १९५७ मध्यें मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल या चौघांनीं एका विस्तृत निबंधांत उत्तर दिलें : अतिनवताऱ्यांत, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यांत. यांपैकीं हॉइल हें नांव पुणेकरांस परकें नाहीं. कोल्हापुरांत जन्मलेले आणि पुढें पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेचे संस्थापक-संचालक झालेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) हे केंब्रिज येथें त्यांचेच शिष्य. त्या चौघांचा एक पुरावा असा होता : कांहीं अतिनवताऱ्यांचा प्रकाश सुमारें पंचावन्न दिवसांत निम्मा होतो, आणि बाँबच्या धुळींतील कॅलिफोर्नियम-२५४ चें अर्धायुष्यहि जवळपास तेवढेंच. जुळणी मोहक होती, पण ती टिकली नाहीं. १९८७ मध्यें आपल्या शेजारच्या मोठ्या मॅगेलनी मेघांत एक तारा फुटला; त्याच्या गॅमा किरणांनीं दाखविलें, कीं हा उजेड कोबाल्टच्या ऱ्हासावर तगून राहतो, आणि त्या कोबाल्टचें शेवटीं लोखंड होतें. स्फोटांत लोखंड तयार होतें हें सिद्ध झालें. सोन्याचा पुरावा मात्र त्यांत नव्हता.

तसा सबळ पुरावा निराळ्याच दिशेनें आला. तारा फुटल्यावर पुष्कळदां त्याचा गाभा न्यूट्रॉन तारा म्हणून मागें उरतो. सूर्याहून अधिक द्रव्य अवघ्या वीसएक किलोमीटर व्यासाच्या गोलांत दाबलेलें. अशा दोन ताऱ्यांच्या मीलनाच्या गुरुत्वीय लहरी १७ ऑगस्ट २०१७ रोजीं पृथ्वीवर टिपल्या गेल्या. घटना सुमारें तेरा कोटी प्रकाशवर्षांवरची. तिचा प्रकाश थोड्याच दिवसांत निळ्याकडून तांबड्याकडे झुकला. जड मूलद्रव्यें निर्माण झालीं असतां असेंच घडावें, हें गणित आधींच मांडलेलें होतें. २०१९ मध्यें त्या वर्णपटांत स्ट्रॉन्शियमहि ओळखलें गेलें. या घटनेचे मागाहून आलेले रेडिओ-तरंग नारायणगांवाजवळील खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस ताटल्यांनीं बनलेल्या दुर्बिणीनेंहि टिपले.

मग अतिनवताऱ्यांचा दावा निकालांत निघाला काय? नाहीं. अत्यंत प्राचीन अशा कांहीं ताऱ्यांतहि युरोपियमसारखीं जड मूलद्रव्यें आढळतात. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्या एकत्र येण्यास पुष्कळदां दीर्घ काळ लागतो. तेवढा अवधि त्या बाल्यावस्थेंतील विश्वास पुरेसा मिळाला असेल काय, ही शंका उरते. म्हणून वेगानें फिरणाऱ्या, प्रखर चुंबकत्वाच्या विरळा ताऱ्यांचे स्फोटहि या कामांत वांटेकरी असावेत, असें अनेक शास्त्रज्ञांस वाटतें. कोणाचा वांटा किती, हा हिशेब अद्याप मिटलेला नाहीं.

मुलांना ‘सोनें फुटणाऱ्या ताऱ्यांत जन्मतें’ एवढें एक वाक्य पाठ करावयास लावणें सोपें आहे. पण त्या वाक्यामागें काय पुरावा होता, त्यांतला कोणता गळाला व कोणता टिकला, हें सांगितलें तरच त्यांस शास्त्र शिकविलें असें म्हणतां येईल. हा हिशेब पुरा होण्यास अशा आणखी कितीतरी घटना पाहावयास हव्यात, आणि आकाशांत त्या कोठें घडल्या तें चटकन् कळावयास हवें. त्याकरितां हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ मध्यें मान्यता दिली. ती कार्यास लागली, कीं या प्रश्नाच्या उत्तराचा कांहीं भाग मराठवाड्याच्या मातींतूनहि ऐकूं येईल.