शंभर अँपिअरचं घर

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी सांगितलं, अमेरिकेतल्या अनुभवांवर बोल. तिकडे आम्ही चार मराठी घरं जमलो की हिवाळ्यातल्या बिलांवरच बोलतो, म्हणून मीही तेच बोलणार आहे. विज्ञानाच्या बाई पहिल्या रांगेत आहेत, त्यामुळे आकडे जपून सांगते.

बॉस्टनजवळचं आमचं घर १९५० च्या दशकातलं. तळघरात तेलावर चालणारी भट्टी होती, ती धापा टाकायला लागली. तिच्या जागी हीट पंप बसवायचं ठरलं. हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला एसी. बाहेरच्या गार हवेतली उष्णता खेचून तो घरात आणतो. कॉइलचा हीटर एक युनिट वीज खाऊन एक युनिट उष्णता देतो, हा साधारण दोन-तीन युनिट देतो.

कंत्राटदार आला, विजेच्या पॅनेलवर टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "शंभर अँपिअर? दोनशेचं कनेक्शन घ्यावं लागेल." वरचे चार हजार डॉलर, आणि वीज कंपनीची तारीख मिळेपर्यंत थांबायचं. सप्टेंबर सरत आला होता, डिसेंबरात सासूबाई येणार होत्या. नवरा म्हणाला, देऊन टाकू. मी विचारलं, दोनशे हा आकडा आला कुठून? उत्तर मिळालं, "सगळ्यांनाच लागतं." माझ्या टीममधला कुणी असं म्हणाला असता, तर मी त्याचा कोड परत पाठवला असता.

मग मी वाचायला बसले. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये तेव्हा २२०.८७ नावाचं कलम होतं. घराचा वर्षभरातला सर्वांत जास्त भार घ्या, त्यावर पंचवीस टक्के वाढवा, नवीन यंत्राचा भार मिळवा. बेरीज कनेक्शनच्या क्षमतेत बसली तर कनेक्शन वाढवायची गरज नाही. वीज कंपनीच्या खात्यातून दर पंधरा मिनिटांची वर्षभराची नोंद उतरवून घेतली. पस्तीस हजार ओळी. सर्वांत मोठा आकडा सापडला दिवाळीच्या शनिवारी संध्याकाळी! शेगडीवर चकल्या, ओव्हनमध्ये काहीतरी, खाली कपडे वाळवायचं यंत्र. पंधरा मिनिटांत १.८ युनिट, म्हणजे ७.२ किलोवॅट. मोठ्या यंत्रांना तिथे २४० व्होल्ट मिळतात, भागाकार केला की ३० अँपिअर. विद्युतशक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा, बाई, फळ्यावरचं तेच. पंचवीस टक्के धरून साडेसदतीस. पंपाच्या पट्टीवर ३० लिहिलेले होते. झाले साडेसदुसष्ट.

मग अडलं कुठे? कडाक्याच्या थंडीसाठी पंपाबरोबर कॉइलचा जादा हीटर देतात. कंत्राटदाराने तो १५ किलोवॅटचा लिहिला होता. तो एकटाच साडेबासष्ट अँपिअर खातो, बेरीज १३० वर जाते. म्हणजे दोनशेचं कनेक्शन पंपाला नाही, त्या हीटरला हवं होतं. माळ्यावर इन्सुलेशन घालून घेतलं, खिडक्यांच्या फटी बुजवल्या. उणे पंधरा सेल्सिअसला पंप किती उष्णता देतो, हे कंपनीच्या तक्त्यात पाहिलं, ती घराला पुरत होती. हीटर ५ किलोवॅटचा केला. एकूण साधारण ८८ अँपिअर. शंभरात बसलं! त्या दिवशी मी घरात जरा तोऱ्यातच वावरले.

तो तोरा आठवडाभर टिकला. दुसऱ्या, वयस्कर इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने माझा कागद वाचला, "हिशोब बरोबर आहे," म्हणाला आणि पॅनेलचं झाकण उघडलं. मेन ब्रेकरला येणारी ॲल्युमिनियमची जाड तार जोडाशी सैल झाली होती, वरचं आवरण काळं पडून ठिसूळ झालं होतं. सैल जोडाचा रोध वाढतो, आणि तिथे निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दिवाळीला पंधरा-वीस मिनिटं तीस अँपिअर सोसणाऱ्या त्या जोडाला जानेवारीत रात्र-रात्र त्याहून जास्त सोसावं लागलं असतं. पस्तीस हजार ओळींत हे कुठेच नव्हतं. वर बेडरूममध्ये मुलं झोपतात.

वीज कंपनीकडून दिवसभर पुरवठा बंद करून घेतला, मेन ब्रेकर आणि केबल बदलली. ब्रेकरच्या जागा अपुऱ्या होत्या, तीही सोय झाली. हे सगळं चार हजारांच्या निम्म्याहून कमी पैशांत झालं. पंप नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला.

तुमच्यापैकी जे फ्लॅटमध्ये गीझर, दोन एसी आणि आता इंडक्शन लावताय, त्यांनी महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' कुठे लिहिलाय ते एकदा बघा. आणि मीटरपाशी प्लास्टिक जळल्याचा वास येत असेल, तर उद्यावर टाकू नका.

सासूबाई आल्या. पंपाची हवा भट्टीसारखी भसकन गरम येत नाही, कोमटच येते. दोन दिवस त्या झरोक्यापुढे हात धरून बघत होत्या, मग शाल काढून ठेवली.

त्या तारेचं जळकं टोक मी पिशवीतून आणलंय. बाई, चहाच्या वेळी दाखवते.