जुन्या लहान मोटारीचीं चाकें

श्रोतेहो, मोटारीच्या चाकांवर बोलण्यास एका सेवानिवृत्त शाळामास्तरास पाचारण व्हावें, याचें आपणांस नवल वाटलें असेल. मलाहि वाटलें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि सारी हयात मुलांस त्रैराशिक व शेंकडेवारी शिकविण्यांत गेली. परंतु गेल्या चैत्रांत आमच्या कुटुंबावर जो प्रसंग गुदरला, तो यंत्रविद्येच्या अज्ञानामुळें नव्हे, तर शेंकडेवारीचें एक सोपें उदाहरण वेळेवर न सोडविल्यामुळें गुदरला. तें उदाहरण आपणांपुढें मांडण्याचा अधिकार तरी मला आहे असें मी समजतों.

आमची मोटार म्हणजे मारुती ८००. तिची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. १९८३ च्या डिसेंबरांत ती प्रथम लोकांच्या हातीं आली आणि २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन थांबलें. या तीस वर्षांत किती घरांच्या दारांत पहिली मोटार म्हणून तीच उभी राहिली, हें आपणांपैकीं पुष्कळांस स्वतःच्या घरावरूनच ठाऊक असेल. इंजिन ७९६ घनसेंटिमीटरांचें, शक्ति ३७ अश्वांची, वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास, आणि चाकें अवघीं १२ इंची. आमची गाडी १९९८ सालची. नोंदणीचें नूतनीकरण करून ती आम्हीं अजून वापरांत ठेविली आहे.

माझा भाचा गाडीचा फार शौकीन. तो एकदां म्हणाला, "मामा, आजकालच्या गाड्यांशेजारीं आपली गाडी अगदीं खेळण्यासारखी दिसते हो. चाकें तेवढीं बदलूं या." त्याचें म्हणणें सर्वस्वीं चुकीचें नव्हतें. लहान चाक खड्ड्यांत अधिक खोल उतरतें, गतिरोधकावर गाडीचें पोट घासतें, आणि जुन्या लोखंडी डिस्कला गंज चढलेला होता हेंहि खरें. तेव्हां एका दुकानांतून १३ इंची अलॉय चाकें व त्यांवर १५५/७० मापाचे टायर बसवून झाले. "बसतात का हो?" असें मीं विचारलें, त्यावर दुकानदार म्हणाला, "बसतात मास्तर, सगळे हेंच बसवितात." चाकें बसलीं खरीं. तीं फिरतात कीं नाहीं, हें विचारावयाचें मात्र राहून गेलें.

गांवांत दोघेजण बसून हिंडेपर्यंत कांहीं जाणवलें नाहीं. पुढें वाईस एक मुंज निघाली. मी, आमचें कुटुंब, भाचा आणि माझी वडील बहीण अक्का असे चौघे, शिवाय मागें आहेराचें सामान, असे आम्ही पुण्याहून निघालों. खंबाटकीचा घाट चढूं लागतांच गाडी दुसऱ्या गिअरमध्यें दम टाकूं लागली. पहिला टाकला तर इंजिन नुसतें किंचाळे. त्यांतच प्रत्येक वळणावर मागून खरखर ऐकूं येऊं लागली आणि रबर जळल्याचा वास सुटला. गाडी कडेस घेऊन पाहतों, तों मागच्या टायरचा खांदा मडगार्डाच्या कडेनें कापला जाऊन आंतले धागे दिसूं लागले होते. स्टेपनी होती, पण ती जुनी, १२ इंची. आणि नव्या चाकांचे नट लोखंडी डिस्कला नीट बसेनात. जुने नट घरीं डब्यांत. शेजारून मालट्रक घोंघावत जात होते, आणि अक्का दगडावर बसून पदरानें वारा घेत होती. ती फक्त एवढेंच म्हणाली, "अरे, चाकं बदलायच्या आधी माणसं मोजलीस का?"

दोघीजणींना मागून येणाऱ्या एका परिचिताच्या गाडींत बसवून दिलें, सामानहि त्यांच्याबरोबर दिलें, आणि रिकामी गाडी पावलांपावलांनीं आम्हीं सुरूरच्या फाट्यापर्यंत आणली. तो टायर वाटेंत फुटला नाहीं हें आमचें दैव. मुंज अर्थात् आमच्याशिवाय लागली.

घरीं परतल्यावर मीं कागद-पेन्सिल घेतली. येथें मजजवळ फळा नाहीं, म्हणून श्रोत्यांनीं मनाशीं आंकडे धरावे. टायरच्या अंगावर १४५/७० आर १२ असें लिहिलेलें असतें. पैकीं १४५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरांत. ७० ही शेंकडेवारी: टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ७०, म्हणजे १०१.५ मिलिमीटर. 'आर' म्हणजे आंतील दोरे आडवे बसविलेला रेडियल टायर, आणि १२ हा डिस्कचा व्यास, इंचांत. १२ इंचांचे ३०४.८ मिलिमीटर होतात. त्यांत वरची व खालची अशा दोन भिंती, म्हणजे २०३, मिळविल्या कीं पुऱ्या चाकाचा व्यास आला सुमारें ५०८. आतां नव्याचें पाहूं. १५५ च्या शेंकडा ७० म्हणजे १०८.५, त्याची दुप्पट २१७, आणि १३ इंचांचे ३३०.२, मिळून ५४७. फरक ३९ मिलिमीटरांचा, म्हणजे शेंकडा पावणेआठ. चाक वरच्या बाजूस जवळजवळ २० मिलिमीटर वाढलें, रुंदींत १० वाढलें, आणि मडगार्ड होतें तेथेंच राहिलें. चार माणसांच्या भारानें स्प्रिंगा दबल्यावर काय व्हावयाचें तें झालें.

गिअरचेंहि कोडें त्यांतच उलगडलें. चाक मोठें म्हणजे एका फेऱ्यांत अंतर अधिक, पण ओढ तितकी कमी. ३७ अश्वांच्या इंजिनास घाटांत ती उणीव लगेच भोंवते. शिवाय वेगदर्शक कांटा चाकाचे फेरे मोजतो, अंतर मोजीत नाहीं. तो ६० दाखवी तेव्हां गाडी प्रत्यक्षांत ६४-६५ नें धांवत होती. माझा भाचा तक्रार करी कीं, गाडी हल्लीं पेट्रोल अधिक पिते. त्यांतलें कांहीं खरें असेल, पण १०० कि. मी. चालून आंकड्यावर ९३ च उमटत असतील, तर हिशेबांत गाडी खादाड ठरणारच!

मोठ्या चाकाचा मोह व्हावा याचें कारण मात्र नीट तपासलें पाहिजे. पुष्कळांस वाटतें कीं डिस्क मोठी म्हणजे खड्डे कमी लागतात. वस्तुतः खड्ड्याचा मार सोसते ती टायरची भिंत, तिच्यांतली हवा. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धांव असे, तुंबा आणि आरे भक्कम असत, पण आंत बसणाराचीं हाडें खिळखिळीं होत. १८८८ सालीं बेलफास्टच्या डनलॉपनें मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर चढविला, तो ही हाडें वांचविण्यासाठींच. डिस्क मोठी आणि भिंत तोकडी केली, तर आपण थोडें थोडें पुन्हा धांवेकडेच जातों. ज्यांस गाडी खरोखर उंच हवी, त्यांनीं १२ इंची डिस्क तशीच ठेवून १४५/८० माप पाहावें. तें आल्टो ८०० ला येत असे. त्याची भिंत ११६ मिलिमीटरांची, म्हणून गाडी साडेचौदा मिलिमीटर उंचावते आणि दचकेहि मऊ होतात. पण व्यासांतील वाढ याहि मापांत शेंकडा साडेपांचाच्या वर जाते. साधारण प्रघात असा कीं, फरक शेंकडा तिहींच्या आंत ठेवावा. १५५/६५ आर १३ घेतलें तरी तो पावणेपांचांच्या घरांत जातो. म्हणजे १३ इंचांचीं नेहमींचीं मापें या गाडीला सहज लागू होत नाहींत, हें आधीं पत्करूनच पुढें जावें.

तरीहि ज्यांचा निश्चय झालाच असेल, त्यांस माझी एक विनंति आहे. दुकानांत एकच चाक मागें व एक पुढें बसवून घ्यावें, गाडींत जितकीं माणसें प्रवासांत बसतात तितकीं खरोखर बसवावीं, सुकाणूचक्र दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत फिरवावें, आणि गाडी एखाद्या गतिरोधकावरून तिरकी न्यावी. खरखर आली कीं व्यवहार मोडावा. दुकानदार रागावतो, रागावूं द्यावें. चार नट ज्या वर्तुळावर बसतात, त्याचा व्यास या गाडींत ११४.३ मिलिमीटर असतो. दुसऱ्या कित्येक लहान गाड्यांत तो १०० असतो. 'थोडें भोंक मोठें करून देतों' असें कोणी म्हणाला, तर त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढूं नये. डिस्क बाहेर फार काढलेली असली तर बेअरिंगावर भलताच ताण येतो. टायरवर ६९ सारखा भारांक लिहिलेला असतो. ६९ म्हणजे एका टायरनें ३२५ किलो पेलावे. नवा टायर त्याहून उणा नसावा. आणि स्टेपनी त्याच मापाची व तिचे नट गाडींत असावे, हें आतां मीं वेगळें सांगावयास नको. सरकारी बाजूहि आहेच: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणींतील मूळ तपशिलाशीं विसंगत असे फेरफार करूं देत नाहीं.

आम्हीं स्वतः काय केलें? गंजलेल्या डिस्का घांसून रंगवून घेतल्या आणि मूळच्या १४५/७० मापाचेच पांच नवे टायर घेतले. हें माप अजून मिळतें, पण कित्येकदां दुकानदारास मागवावें लागतें. मागविलेला माल हातीं आल्यावर मीं चष्मा लावून प्रत्येकावरचे चार आंकडे वाचले. त्यांतले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. जुनी गाडी थोडी फिरते, म्हणून तिच्या टायरच्या खांचा वर्षानुवर्षें शाबूत दिसतात. रबर मात्र वयानें कडक होतें आणि पावसांत ब्रेक दाबल्यावर घसरतें. आमचे पहिले टायर असेच नऊ वर्षांचे होते. खांचा १.६ मिलिमीटरांच्या कायदेशीर मर्यादेहून कितीतरी खोल होत्या, म्हणून आम्ही निश्चिंत होतों. पांचांपैकीं एक नवा टायर चार वर्षांपूर्वींचा निघाला, तो मीं परत केला. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घेतल्यावर गाडी इतकी शांत चालूं लागली कीं, भाच्यानें आपण होऊन तसें कबूल केलें.

नवीं चाकें चढविल्यावर शंभरएक कि. मी. नंतर नट पुन्हा एकदां आवळून घ्यावे लागतात. आम्हीं ते वाईस, मुंज झालेल्या बटूला पाहावयास गेलों तेव्हां, त्याच्या अंगणांत आवळले. पाना अक्कानें धरून ठेवला होता.