धैर्याची तालीम



वर्षभर मन लावून अभ्यास केलेला मुलगा प्रश्नपत्रिका हाती पडताच गोंधळतो. हुशार मुलगी मुलाखतीत स्वतःचे नाव सांगतानाही अडखळते. मग आपण म्हणतो, "याच्यात धीरच नाही." जणू धीर हा जन्मतःच मिळावयाचा! ही समजूत खरी नव्हे. अंगरक्षकांच्या कामाचे एक उदाहरण पाहा.

30 मार्च 1981 रोजी वॉशिंग्टनमध्ये एका हॉटेलाबाहेर अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर एका तरुणाने दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या झाडल्या. गोळीचा आवाज ऐकताच माणूस खाली वाकतो. तो निसर्गच आहे. परंतु टिमथी मॅकार्थी हे अंगरक्षक आवाजाच्या दिशेने वळून हातपाय पसरून उभे राहिले. एक गोळी त्यांनी पोटावर झेलली. त्यांचे सहकारी जेरी पार यांनी रेगन यांना मोटारीत ढकलले. विचार करावयास वेळ होताच कोठे? शेकडो वेळा केलेली तालीमच त्या क्षणी कामास आली.

मोटार व्हाइट हाऊसकडे निघाली. रेगन यांना गोळी लागल्याचे प्रथम कोणासच कळले नव्हते. त्यांच्या ओठांवर फेसाळ रक्त दिसताच पार यांनी बेत बदलला आणि मोटार रुग्णालयाकडे नेण्यास सांगितले. रेगन वाचले, मॅकार्थीही बरे झाले.

विद्यार्थी मित्रांनो, यातून तीन गोष्टी घ्या. पहिली, पूर्वतयारी. अंगरक्षक पाहुणा येण्यापूर्वीच रस्ते, दरवाजे, जवळचे रुग्णालय पाहून ठेवतात. तुम्हीही परीक्षा केंद्र आदल्या दिवशी पाहून या. दुसरी, सराव. घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. चार माणसांसमोर उभे राहून बोला. तिसरी, डोळे उघडे ठेवून बेत बदलण्याची तयारी. पहिला प्रश्न अडला, तर दीर्घ श्वास घ्या, तो सावकाश सोडा आणि येणाऱ्या प्रश्नाकडे वळा.

पालकांनो, आता आपल्याविषयी. अंगरक्षक तालमीत चुकतो, म्हणून प्रत्यक्ष रस्त्यावर चुकत नाही. आपल्या मुलांना चुकावयास जागा कोठे आहे? घरी चुकले तर हसू होते, वर्गात चुकले तर बोलणी बसतात. मग ते प्रथम चुकतात ते थेट परीक्षेत आणि मुलाखतीत, जेथे चूक सर्वांत महाग पडते. ज्यांच्या घरात शिक्षणाची ही पहिलीच पिढी आहे, त्यांना तर बाहेर सावरून घेणारेही कोणी नसते.

म्हणून रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मुलाला बोलू द्या. मुलीला बँकेत घेऊन जा आणि पावती तिलाच भरू द्या. ती चुकली तर हातातून कागद ओढून घेऊ नका. दुसरा कोरा कागद द्या. धैर्याची तालीम अशीच होते.