मोकळ्या जागेची वंशावळ

इंदूरच्या रेल्वे स्टेशनाजवळ सियागंज ही घाऊक बाजारपेठ आहे. हळद, मिरची, सुकामेवा, किराणा यांची पोती गाड्यांतून उतरतात, हमालांच्या पाठीवरून वखारीत जातात आणि हातगाड्यांवरून पुन्हा बाहेर पडतात. या सगळ्या व्यवहाराला दुकानाइतकीच आणखी एका गोष्टीची गरज असते. ती म्हणजे दुकानापुढची मोकळी जागा. तेथेच गाडी उभी राहते, तेथेच भाव ठरतो, तेथेच हमाल घटकाभर टेकतो. परंतु ही जागा कोणाची, असे विचारले तर उत्तर चटकन येत नाही. दुकानाच्या मालकीचा कागद तिजोरीत जपलेला असतो; चौकाचा कागद जपणारा कोणी एक माणूस नसतो.

श्रोतेहो, कागद नसला तरी खूण असते. नाव हीच पहिली खूण. ‘गंज’ हा शब्द फारसीतून आला. खजिना, कोठार आणि त्यावरून बाजार असा त्याचा अर्थ. सियागंज, मल्हारगंज ही नावे उच्चारताच कोठारांची आणि उतारपेठांची आठवण जागी होते. तोपखाना म्हटले की होळकरांच्या तोफांची जागा डोळ्यांपुढे येते. आज तेथे दुकानांची गजबज आहे. जमिनीचा उपयोग बदलला, नाव मात्र साक्ष देत उभे राहिले.

दुसरी खूण जागेच्या बसण्यात असते. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास स्थिर झाली. खान नदीच्या पश्चिमेला राजवाडा आणि त्याभोवतीचे शहर. नदीच्या पूर्वेला काही अंतरावर इंग्रजांची रेसिडेन्सी. पुढे १८७० च्या दशकात खंडव्याकडून होळकर स्टेट रेल्वे आली. तीसाठी तुकोजीराव दुसरे यांनी एक कोट रुपयांचे कर्ज इंग्रज सरकारला दिले होते. सियागंज नेमका नदी आणि लोहमार्ग यांच्यामधल्या पट्ट्यात आहे. एका बाजूस दरबार, दुसऱ्या बाजूस साहेब, मध्ये व्यापारी आणि हमाल. सत्ता बदलल्या, संस्थान विलीन झाले. पण पोते उतरवायला लागणारी हातभर मोकळी जमीन तशीच लागत राहिली.

या हातभर जमिनीचे मोल ओळखणारा एक परका गृहस्थ इंदुरास येऊन गेला. त्याचे नाव पॅट्रिक गेडीस. स्कॉटलंडच्या या नगररचनाकाराने तुकोजीराव तिसरे यांच्या दरबारासाठी शहराची पाहणी केली आणि १९१८ मध्ये दोन खंडांचा अहवाल दिला. त्या काळी जुन्या वस्त्यांवर एकच औषध सांगितले जाई: सरळ रेघ मारावी आणि रेघेत येईल ते पाडावे. गेडीसने ते मानले नाही. अगदी पडायला आलेले घर तेवढे काढावे, निघालेल्या जागेचा लहानसा चौक करावा, तेथे एखादे झाड लावावे, असे त्याचे म्हणणे. गरिबाचे घर राहावे आणि त्याला वाराही मिळावा, हा त्यामागील हेतू.

त्याने हे नुसते लिहिले नाही. १९१७ च्या दिवाळीत, शहरात प्लेगची धास्ती असताना, त्याने एक मिरवणूक काढविली. तिचा मार्ग नेहमीचा नव्हता. ज्या रस्त्यांनी घरे झाडून, दुरुस्त करून ठेवली, त्यांतून ती जाईल असे जाहीर झाले आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांत झाडलोटीची चढाओढ लागली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. आणि त्यांच्यामागून शहराचे सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून, मानाने चालत होते. लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले ते एका सार्वजनिक बागेत, मोकळ्या जागेवर. दहनासाठी म्हणा वा उत्सवासाठी म्हणा, सर्वांना एकत्र उभे राहता येईल अशी जमीन शहराजवळ होती, म्हणूनच हे घडले.

तात्पर्य इतकेच की सार्वजनिक जागा एका दिवसात जात नाही. आज एक ओटा वीतभर पुढे येतो, उद्या त्यावर पत्रा चढतो, परवा त्याला दार बसते; आणि येथे पूर्वी चौक होता हे सांगणारा म्हातारा निघून गेला की जागाही त्याच्याबरोबर जाते. ती अतिक्रमणाने जाते त्याहून अधिक विस्मरणाने जाते. म्हणून शाळेतील मुलांनी आपल्या पेठेचा जुना नकाशा पाहावा, नावांचे अर्थ विचारावेत, थकलेल्या हमालाजवळ बसून येथे गाड्या कोठवर उभ्या राहत ते लिहून घ्यावे. खासगी जमिनीचा वारस एक असतो. चौकाचे वारस सगळेच. मात्र ज्याला वंशावळ ठाऊक असेल, त्यालाच वारसा सांगता येतो.